वहिनीचा अंगठा

दार वाजलं तेव्हा वहिनीचे दोन्ही हात मनगटापर्यंत भांड्यांच्या पाण्यात होते.

घरात त्या वेळी आणखी तीन माणसं होती आणि तिघांचेही हात कोरडे होते. सासूबाई खिडकीशी खुर्ची ओढून समोरच्या झाडाची तांबूस पालवी बघत चहा पीत होत्या. नवरा बस डेपोत वेळनियंत्रक. तो टेबलावर कागद पसरून काल कुठली बस किती मिनिटं उशिरा सुटली ते लाल शाईने लिहीत होता. धाकटा दीर बेसिनसमोर उभा राहून कपाळावर काहीतरी थापटत होता. चोळत नव्हता, थापटत होता. चोळलं की कातडी ताणते, हे त्याने घरातल्या प्रत्येकाला निदान वीसदा सांगितलं होतं.

"दार वाजतंय," सासूबाई म्हणाल्या.

"बघा रे कुणीतरी," नवरा मान वर न करता म्हणाला.

"वहिनी, दार!" दिराने आरशातूनच हाक दिली.

या घरात 'कुणीतरी' म्हणजे कोण, ते वहिनीला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिने हात झटकले, नॅपकिनला पुसले. उजव्या अंगठ्याच्या भेगेत नॅपकिनचा धागा अडकला आणि तिच्या तोंडून "स्स्" निघालं. ते कुणाला ऐकू आलं नाही. दार पुन्हा वाजलं.

दारात वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या, हातात स्टीलची वाटी. त्यांचं नाव दिराने 'लेपकाकू' पाडलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं होतं की इमारतीच्या रखवालदारानेही एकदा चुकून त्यांना तोंडावर तसं म्हटलं होतं.

"दही, मध आणि काकडीच्या साली," लेपकाकू म्हणाल्या. "रात्रभर भिजवलंय. हाताला लाव, वीस मिनिटं ठेव, मग कोमट पाण्याने धू."

"काकू, परवाचं केळं..."

"केळं थंडीचं गं. आता वसंत आहे. हवा कोरडी, ऊन चढतंय, झाडांची पूड उडतेय. या दिवसांत कातडीला गारवा लागतो. माझ्या मावसबहिणीचे पाय बघितले असतेस तर! नदी आटल्यावरचा गाळ. आठ दिवसांत लोणी."

"बरं."

"आणि वाटी घासून दे हं. घाई नाही."

घाई नव्हतीच. लेपकाकूंच्या आधीच्या पाच वाट्या ओट्यावर पालथ्या पडल्या होत्या: भिजवलेल्या ओट्सची, किसलेल्या बटाट्याची, केळ्याची, साईची, आणि एक जिच्यात काय होतं ते धुतल्यानंतरही कळलं नव्हतं. लेप लावायचा म्हणजे आधी हात धुवायचे, लावून झाल्यावर पुन्हा धुवायचे, आणि मग वाटी धुवायची. महिनाभरात लेपांनी वहिनीचे हात जितके भिजले होते तितके जेवणाच्या भांड्यांनीही भिजले नसतील.

सहावी वाटी तिने सिंकशेजारी ठेवली आणि परत पाण्यात हात घातले.

*

वहिनीचं हे दुखणं जुनं होतं. वसंत आला की झाडांना पालवी फुटायची आणि वहिनीच्या हातांची सालं निघायची. थंडीभर कातडी कशीबशी धरून ठेवायची. मग वारा फिरला, दुपारचं ऊन तापायला लागलं, की बोटांची टोकं आधी कागदासारखी गुळगुळीत व्हायची, मग पांढरी पडायची, मग पापुद्रे सुटायचे आणि त्याखाली लाल भेगा. उन्हाळा पक्का झाला की आपोआप बरं. त्यामुळे दरवर्षी ती म्हणायची, "जाईल," आणि दरवर्षी ते जायचं.

यंदा मात्र 'जाईल' म्हणून चालणार नव्हतं, कारण यंदा यंत्र आलं होतं.

वहिनी शहराच्या मोठ्या ग्रंथालयात बांधणी विभागात होती. फाटकी पुस्तकं तिच्या टेबलावर यायची आणि धड होऊन जायची. सुटलेली पानं शिवायची, मोडका कणा काढून नवा चढवायचा, पुठ्ठ्याला खळीने कापड चिकटवायचं, दाबयंत्रात रात्रभर ठेवायचं. कॉलेजात असताना तिने पुस्तकांवर बोलायचा अभ्यास केला होता, आणि आता पुस्तकंच तिच्याशी बोलत होती. त्यातल्या बहुतेकांची तक्रार पाठीची. या कामावर ती अकरा वर्षं होती. अकराही वर्षं तात्पुरती.

गेल्या हिवाळ्यात वरून हुकूम आला: ज्यांची नऊ वर्षांवर नोकरी झालीय त्यांना कायम करणार. अट एकच. प्रवेशदाराशी हजेरीचं नवं यंत्र बसेल, त्यावर रोज अंगठा लावायचा, आणि येत्या वीस तारखेला वरच्या कचेरीतून माणसं येऊन प्रत्येकाचा अंगठा स्वतः तपासतील. जुळला, की कायम.

थंडीत अंगठा रोज जुळला. यंत्रातली बाई गोड आवाजात "धन्यवाद" म्हणायची आणि पडद्यावर वहिनीचं नाव उमटायचं. बारशाला ठेवलेलं, शाळेच्या दाखल्यावरचं, पूर्ण नाव. घरात ती वहिनी, इमारतीत वहिनी, भाजीवाल्याकडे वहिनी. ग्रंथालयाच्या फाटकावरचा शिपाई तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, तोही "या वहिनी" म्हणायचा. सासूबाईसुद्धा कधीकधी घाईत "वहिनीला विचार" असं बोलून जायच्या आणि मग जीभ चावायच्या. दिवसातून एकदा, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी, त्या पडद्यावर का होईना, तिला तिचं नाव भेटत होतं.

गेले तीन आठवडे भेटत नव्हतं.

*

आज चार तारीख. वहिनीने यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवला.

"कृपया पुन्हा प्रयत्न करा," यंत्रातली बाई म्हणाली.

वहिनीने अंगठ्यावर फुंकर मारली, पदराला पुसला, ठेवला.

"कृपया पुन्हा प्रयत्न करा."

मागे रांग लागली होती. वर्तमानपत्र विभागातला एक जण म्हणाला, "वहिनी, जरा प्रेमाने ठेवा." दुसरा म्हणाला, "अहो, जोरात दाबा." वहिनीने प्रेमाने जोरात दाबला.

"कृपया पुन्हा प्रयत्न करा," बाई म्हणाली, आणि लाल दिवा लागला.

"ही बया सासरची दिसते," वहिनी पुटपुटली आणि बाजूला झाली. तिसऱ्यांदाही अंगठा जुळला नाही की हजेरीसाहेबांच्या खोलीत जाऊन वहीत सही करायची आणि कारण लिहायचं, असा नियम होता. पहिल्या दिवशी तिने लिहिलं होतं, 'हातांची त्वचा कोरडी पडल्याने ठसा उमटत नाही.' मग 'त्वचा कोरडी'. मग 'वरीलप्रमाणे'. आता नुसती दोन टिंबं.

हजेरीसाहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी टिंबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मॅडम, दुसरं एखादं बोट?"

वहिनीने दहाही बोटं टेबलावर पसरली. साहेबांनी चष्मा कपाळावर सारून पाहिलं आणि हळूच आपले हात टेबलाखाली घेतले.

बांधणीच्या खोलीत विभागातले काका आधीच येऊन बसले होते. साठीला टेकलेले, कायम असलेले, आणि कायम असल्याचा कंटाळा आलेले. त्यांच्या हातांना वर्षानुवर्षांच्या खळीने असं कवच आलं होतं की सुई टोचली तरी त्यांना पंधरा मिनिटांनी कळायचं.

"काय म्हणाली बाई?"

"पुन्हा प्रयत्न करा म्हणाली."

"माझ्या थोरल्या मुलाच्या शाळेतही हेच म्हणायचे." काकांनी मेण लावलेला दोरा सुईत ओवला. मग थांबले. "मला एक सांग. यंत्रात पहिल्यांदा अंगठे भरून घेतले, त्या दिवशी तू कुठून उठून गेली होतीस?"

"इथूनच. शब्दकोशांचं काम चाललं होतं ना."

"म्हणजे खळीचं."

"हो. शिपाई हाका मारायला लागला म्हणून तशीच गेले. हात ॲप्रनला पुसले..."

बोलता बोलता वहिनी थांबली. ॲप्रनला पुसलेले हात धुतलेले नसतात. त्या दिवशी तिच्या अंगठ्यावर वाळलेल्या खळीचा पातळ थर होता, आणि तो थंडीभर रोजच असायचा; बांधणीवाल्याच्या हाताची खळ कधी पुरती जात नाही. वसंत लागला, भेगा पडल्या, भेगांत खळ झोंबायला लागली, म्हणून तिने खळीचं काम काकांना दिलं आणि स्वतः नुसत्या शिलाईवर बसली. तिथपासून अंगठा स्वच्छ. आणि तिथपासूनच "पुन्हा प्रयत्न करा".

काकांनी खळीचं भांडं पुढे सरकवलं.

वहिनीने दात आवळून अंगठा बुडवला. झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. खळ निथळवली, ॲप्रनला पुसली तशीच, घाईघाईत पुसल्यासारखी, वाळू दिली. मग दोघं प्रवेशदाराशी गेली. मागोमाग वर्तमानपत्र विभाग आला, कारण तिथे वाचायला नेहमी काही नसतं.

अंगठा काचेवर.

"धन्यवाद," यंत्रातली बाई म्हणाली. पडद्यावर नाव आलं. पहिलं, मधलं, शेवटचं.

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली, ग्रंथालयात! काका म्हणाले, "म्हणजे थंडीभर हजर होती ती खळ. हिला कुणी ओळखतच नाही!" सगळे पोट धरून हसले, वहिनीही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की हजेरीसाहेब खोलीच्या दारात उभे आहेत आणि हसत नाहीत.

"मॅडम, जरा या."

खोलीत त्यांनी दार लोटलं. "मी काही पाहिलं नाही. रोज खळ लावा, रोज धन्यवाद घ्या. पण वीस तारखेला येणारी माणसं आधी अंगठा स्पिरिटने पुसतात. कापसाचा बोळा घेऊन, चांगला घासून. मग बघतात."

"मग मी नवीन ठसा देते ना. स्वच्छ."

"द्या की. नव्याने घ्यायची सोय आहे त्यांच्याकडे. पण घ्यायला रेषा तर हव्यात." त्यांनी तिच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं आणि नजर वळवली. "यावर काय उमटणार? ठसा मिळाला नाही की फाइल परत. मग पुढच्या यादीत."

"पुढची यादी कधी?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "मागची लागली तेव्हा आमच्या धाकटीचे दुधाचे दात पडत होते," ते म्हणाले. "परवा तिचं पदवीचं पत्र आलं."

*

संध्याकाळी वहिनी कातडीच्या डॉक्टरांकडे गेली. इतकी वर्षं गेली नव्हती, कारण आपोआप बरं होणाऱ्या दुखण्यासाठी डॉक्टरांचा वेळ कशाला खायचा. दवाखान्यात पाऊल टाकायला जागा नव्हती. सगळा वसंत तिथे बसला होता: कुणाचे डोळे सुजलेले, कुणाच्या मानेवर चट्टे, कुणी ढोपर खाजवतंय, आणि एक आजोबा दुसऱ्याची पाठ खाजवून देत होते, ओळख नसताना.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनी दिव्याखाली वहिनीचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"दिवसातून हात किती वेळा पाण्यात जातात?"

वहिनीने मोजायला सुरुवात केली. सकाळचा चहा, चहाची भांडी, भाजी धुणं, डब्याची भांडी, ओटा, लेपाच्या आधी, लेपाच्या नंतर, लेपाची वाटी... चौदावर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी हात वर केला.

"लेप कसला?"

वहिनीने यादी सांगितली. बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जावी इतक्या मोठ्याने डॉक्टरीणबाईंनी उसासा सोडला.

"बाळा, कातडीला जेवायला घालायचं नसतं. तिला नुसतं सुखाने राहू द्यायचं असतं. या दिवसांत हवेनेच ती वाळते, त्यात तू साबण लावून उरलासुरला ओलावा काढून घेतेस. हे साधं पांढरं मलम. वास नाही, रंग नाही, शेजारणीला दाखवण्यासारखं काही नाही. हात कोरडे करून जाडसर लावायचं, वर सुती हातमोजे. आणि पंधरा दिवस पाणी आणि साबण बंद. स्वतःची अंघोळ, तोंड धुणं, तेवढं ठीक. भांडी, ओटा, कपडे, फरशी, काही नाही."

"पंधरा दिवसांत रेषा येतील?"

"पाण्यात हात गेला नाही तर येतील. रोज गेला तर पंधरा दिवसांनी ये, तेव्हाही असंच दिसेल."

"रबरी हातमोजे घालून घासली तर?"

"आत घाम धरतो, भेगा अजून ओल्या आहेत. भरल्यावर घाल. आत्ता दुसऱ्या कुणाला तरी सांग. घरी कोण कोण असतं?"

"तिघं आहेत."

"हात आहेत ना त्यांना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली.

*

घरी येऊन वहिनीने सगळं सांगितलं. खळीचं सांगितलं, स्पिरिटचं सांगितलं, यादीचं सांगितलं. घर तिच्या बाजूने पेटून उठलं, यात शंका नाही.

"यंत्राला काय अक्कल!" सासूबाई कडाडल्या. "अकरा वर्षं राबतेय पोर. अंगठा काय बघता, पुस्तकं बघा म्हणावं." त्या उठल्या, वहिनीचे हात मांडीवर घेऊन बसल्या आणि भेगांवरून हलकेच बोट फिरवलं. सत्तरीतही त्यांचे गाल लोण्यासारखे होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "मी जन्मात तोंडाला साबण लावला नाही. तुम्ही आजकालच्या मुली साबण फार वापरता."

"आई, भांडी कशाने घासायची मग?"

"तेही खरंच," सासूबाई म्हणाल्या आणि विचारात पडल्या.

"डॉक्टर म्हणाल्या, पंधरा दिवस पाण्यात हात घालायचा नाही," वहिनी म्हणाली. हे तिने सगळ्यांकडे एकेकदा बघून म्हटलं. मग थोडं थांबून, "भांडीबिंडी काही नाही," असंही जोडलं. याहून सरळ सांगायची या घरात पद्धत नव्हती. भूक लागली तर "साडेआठ वाजले वाटतं" म्हणायचं, पंखा हवा असेल तर "आज उकडतंय नाही" म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने समजून उठायचं. वहिनी गेली चौदा वर्षं समजून उठत आली होती. आता बाकीच्यांची पाळी होती.

"बरोबरच आहे त्यांचं," दीर म्हणाला. तो आत गेला आणि आपल्या बेसिनवरच्या अकरा बाटल्यांपैकी सगळ्यात महागडी घेऊन आला. एरवी त्या बाटलीला तो घरातल्या हवेलासुद्धा हात लावू देत नसे. "वहिनी, ही तुझी. मलमाच्या आधी दोन थेंब. चोळायचं नाही, थापटायचं. वसंतात आपल्या त्वचेचं कवच कमजोर होतं. आधी ओलावा, मग कवच, मग ऊन-रोधक. हा क्रम चुकला की सगळं पाण्यात."

"सगळं पाण्यातच आहे, भाऊजी," वहिनी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी!" दीर खूश झाला.

नवरा कपाळाला आठ्या घालून विचार करत होता, आणि तो असा विचार करायला लागला की काहीतरी ठोस घडतं, हा वहिनीचा अनुभव होता. "दिवसातून किती वेळा लावायचं मलम?" त्याने विचारलं.

"जितक्या वेळा होईल तितकं."

"असं मोघम नाही चालत," तो गंभीरपणे म्हणाला. "नियोजन लागतं. मी बघतो. तू काळजी करू नको."

वहिनीला एकदम हलकं वाटलं. बघतो म्हणाला. कळलं त्याला.

जेवण झालं. सासूबाईंनी आपलं ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं. दिराने आपलं त्यावर ठेवलं. नवऱ्याने आपलं ठेवलं, वर पेला ठेवला, आणि कोरा कागद आणि दोन शाया घेऊन टेबलाशी बसला. पाच मिनिटं वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. दहा मिनिटं उभी राहिली. सिंकमध्ये आमटीचा थेंब ताटावर वाळायला लागला. वहिनी सगळं बघू शकत होती, वाळलेला थेंब बघू शकत नव्हती. हा तिचा जुना दोष. तिने नुकतेच चढवलेले सुती हातमोजे काढले.

*

सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा भिंतीवर वेळापत्रक लागलेलं होतं.

सुंदर होतं ते. डेपोत लावतात तसं, रकाने आखलेलं, निळ्या आणि लाल शाईत, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. वर मथळा: 'हात: वीस तारखेपर्यंत'. नवरा बाजूला उभा होता, हात मागे बांधून, कौतुकाची वाट बघत.

वहिनीने वाचलं.

६.१० मलम (पहिला थर). ६.२० हातमोजे. ६.३० ते ७.०० भांडी (हातमोजे काढावेत, भिजतील). ७.०५ मलम (दुसरा थर). ८.३० कामावर. ६.४५ संध्याकाळचं मलम. ७.०० स्वयंपाक. ८.४५ ते ९.१५ भांडी. ९.२० मलम (शेवटचा थर, जाड).

तिने पुन्हा वाचलं. भांडी हा शब्द लाल शाईत होता.

"लाल का?" तिने विचारलं.

"धोक्याची वेळ म्हणून," नवरा म्हणाला. "तेव्हा जरा जपून."

वहिनीच्या मनात त्या क्षणी जे आलं ते सुशिक्षित बाईच्या मनात येऊ नये असं होतं. बरं, हा माणूस वाईट असता तर सोपं होतं. हा तिच्या हातांसाठी कागद आखत बसला होता, स्वतःची झोप मोडून. दिराने जीव की प्राण असलेली बाटली दिली होती. सासूबाई रोज तिच्या बोटांवर फुंकर घालत होत्या. महिनाभर सगळं घर तिच्या कातडीची काळजी करत होतं, आणि त्या काळजीत एकदाही कुणाचं बोट भिजलं नव्हतं.

चहा-नाश्ता उरकला तेव्हा सिंकमध्ये सकाळचे चार कप, दुधाचं पातेलं, दिराच्या अंड्याचा चिकट तवा आणि लेपकाकूंची काल नजरेआड राहिलेली वाटी होती, वाळक्या दह्याची.

आज पाच. आजपासून वीस तारखेपर्यंत बरोबर पंधरा दिवस. एकही जास्तीचा नाही.

दार वाजलं.

"दार वाजतंय," खिडकीजवळून सासूबाई म्हणाल्या.

"बघा रे कुणीतरी," नवरा सवयीने म्हणाला, वेळापत्रकाचा सुटलेला कोपरा दाबत.

"वहिनी, दार!" बेसिनकडून हाक आली.

वहिनीने मलमाची डबी उघडली. उजव्या अंगठ्याला लावलं, डाव्या अंगठ्याला लावलं, मग एकेका बोटाला, बुडापासून टोकापर्यंत, पुस्तकाच्या कण्याला कापड बसवतात तसं सावकाश. दार पुन्हा वाजलं. तिने पांढरे सुती हातमोजे चढवले, एक, मग दुसरा, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

दार तिसऱ्यांदा वाजलं, आता जरा रागाने.

बेसिनवरचं थापटणं थांबलं. सासूबाईंनी खुर्ची मागे सरकवली. शेवटी नवराच गेला. कडी कुठल्या बाजूला सरकते हे आठवायला त्याला क्षणभर लागला.

"अगबाई, तुम्ही!" दारातून लेपकाकूंचा आवाज आला. "वहिनी बरी आहे ना? हे बघा, जवसाचं आणलंय. उकळून गाळलंय. हाताला लावायचं, वीस मिनिटं ठेवायचं, आणि कोमट पाण्याने..."

"आत या," नवरा म्हणाला.

लेपकाकू वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्यामागे नवरा. आवाज ऐकून दीर आला, अर्ध्या कपाळाला पांढरं लावलेला. सासूबाईही भिंतीला धरत आल्या. सगळे वहिनीकडे बघत उभे राहिले. सिंकच्या बाजूला ती स्टुलावर बसलेली, मांडीवर पांढरे हातमोजे, एखादी पाहुणी बसावी तशी.

"काय होतंय गं?" सासूबाईंनी घाबरून विचारलं. "चक्कर येतेय का?"

"नाही, आई."

"बाटली संपली?" दीर म्हणाला.

"नाही."

"वेळ जुळत नाहीये का?" नवऱ्याने वेळापत्रकाकडे पाहिलं. "दहा मिनिटं इकडे-तिकडे करता येतील. मी पेन्सिलने..."

"काकू, ती वाटी तिथे ठेवा," वहिनी म्हणाली. "लेप छानच असणार तुमचा. पण मला आता लेप नको. भाऊजी, बाटली नको, आणि तुमचं थापटून झालं की तुमचा तवा तिथेच आहे, तो बघा. आई, तुमचा आशीर्वाद असू द्या, तेवढा पुरे." मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. डोळ्यांत पाणीही नव्हतं. होता तो फक्त चौदा वर्षांचा कंटाळा, आणि बाकी पंधरा दिवस. 'साडेआठ वाजले वाटतं' आणि 'आज उकडतंय नाही' हे तिने बाजूला ठेवलं आणि सरळ सांगितलं.

"अहो, कुणीतरी नाही. वीस तारखेपर्यंत भांडी तुम्ही घासा."